सोवळ्यातलं मशीन

कुंदाताई टेबलाखालून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांना कोळिष्टक चिकटलं होतं आणि हातातलं फडकं काळंकुट्ट झालं होतं. कमरेवर हात ठेवून त्या जरा दम खात उभ्या राहिल्या आणि समाधानाने म्हणाल्या, “झालं गो वैजू. आता सगळ्यांचं सारखं.”

“काय सगळ्यांचं?” मी झेंडूची माळ ओवता ओवता विचारलं.

“काही नाही. तू फुलं बघ. कळ्या नको घेऊस, सुकतात मेल्या लगेच.”

मी फुलं बघितली. खंडेनवमी होती, संध्याकाळी पूजा होती, आणि पूजेआधी अंक सोडायचा होता. त्या दिवशी मला त्या वाक्याचा अर्थ विचारायला सवड नव्हती.

आमचा पेपर म्हणजे फार काही मोठं प्रकरण नव्हतं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं चार पानी दैनिक. ऑफिस एका जुन्या भाताच्या गोदामात होतं. पुढच्या खोलीत छोट्या जाहिरातींचं काउंटर, तिथे कुंदाताई सावर्डेकर बसत. त्यांच्यामागचा उंबरा ओलांडला की आतली मोठी खोली, तिथे आम्ही बाकीचे. संपादक भास्कर टिपणीस. मी उपसंपादक, म्हणजे बातम्या लिहिण्यापासून पानं लावण्यापर्यंत जे कोणी करणार नाही ते मी करायची.

खंडेनवमीची पूजा कुंदाताईंच्या हातची असे. त्यालाही एक कथा होती. त्यांचे यजमान तरुणपणीच गेले. तेव्हापासून घरी सण असला की जावा त्यांना देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभं करत. आतलं सगळं रांधायला त्या चालत, हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावायला नाही. टिपणीससाहेबांना हे कुठून तरी कळलं. संपादक झाल्यावर पहिल्याच खंडेनवमीला त्यांनी ताट उचललं आणि सरळ काउंटरवर नेऊन ठेवलं. “कुंदाताई, यंत्रांची पूजा तुम्ही करायची. मला येत नाही.” कुंदाताई घाबरून मागे सरल्या. साहेब म्हणाले, “हे घर नाही, ऑफिस आहे. इथे माझं ऐकायचं.” मग त्यांनी स्वतःच पहिल्या मशीनला कुंकवाचं बोट लावलं, तशा कुंदाताई न राहवून म्हणाल्या, “आधी हळद हो साहेब. मग कुंकू.” आणि ताट हातात घेतलं. तेव्हापासून ते ताट त्यांचं झालं.

वर्षभर काउंटरवर वाढदिवस आणि दहाव्याच्या जाहिराती घेणारी ही बाई खंडेनवमीला पदर खोचून गोदामभर फिरे. एकेक मशीन पुढे ओढायचं, मागची धूळ काढायची, सुटलेल्या वायरी बसवायच्या, पुसायचं. त्या दिवशी आम्ही कोणी मध्ये बोलत नसू.

त्या मशीनांत एक निराळं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावरचं, जुनं, पांढऱ्याचं पिवळं पडलेलं. साहेब त्याला सोवळ्यातलं मशीन म्हणत.

आदल्या खंडेनवमीनंतर पुण्यात पत्रकारांची एक कार्यशाळा झाली होती, तिथून साहेब हे खूळ घेऊन आले होते. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर उघडायची नाही. फाइलच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. पत्रिका म्हणून उघडाल आणि चोर घरात घ्याल. म्हणून त्यांनी हे मशीन वेगळं काढलं. त्यातलं वायफाय एका मेकॅनिककडून उपटून घेतलं. इंटरनेटचा त्याला वाराही लागू द्यायचा नाही. बाहेरून आलेली फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, या मशीनवर उघडायची, बाजूच्या छोट्या प्रिंटरवर कागद काढायचा, आणि आम्ही तो कागद तेवढा वाचायचा.

“बाहेरून आलेल्याने आधी पाय धुवायचे, मग घरात यायचं,” साहेब सांगत. “इतकं साधं आहे.”

आम्ही हसायचो. “साहेब, आजोबांचं सोवळं मोडून तुम्ही नवीन सुरू केलंत.”

“आजोबांचं माणसांपासून होतं. माझं फायलींपासून आहे.”

हसत असलो तरी आम्ही ते पाळत होतो. एरवी ते मशीन कोपऱ्यात एकटंच बसलेलं असे. त्याच्यावर कोणी गाणी लावत नसे, कोणी पत्ते खेळत नसे. कुंदाताई जाता-येता त्याच्याकडे बघून चुकचुकत. “बिचाऱ्याला वाळीत टाकलंय तुम्ही,” त्या एकदा म्हणाल्या होत्या. साहेब हसले आणि पुढच्या कामाला लागले. ते मशीन असं का ठेवलंय हे त्यांनी आम्हा बातमीदारांना बसवून समजावलं होतं. काउंटरवर बसणाऱ्या बाईला ते समजावण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

त्या वर्षी त्या मशीनच्या पोटात एका माणसाचा जीव ठेवलेला होता.

गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत रसायनांचा एक कारखाना होता. त्याच्या कुंपणाच्या भिंती पिवळ्या होत्या म्हणून लोक त्याला पिवळी कंपनी म्हणत. कंपनी आपलं सांडपाणी शुद्ध न करताच ओढ्यात सोडते हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं, कारण ओढ्यातले मासे पोट वर करून तरंगत. पण माहीत असणं वेगळं आणि छापणं वेगळं. छापायला पुरावा लागतो. तो आम्हाला रमाकांत घाग देत होता.

घाग कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. पाण्याच्या तपासणीचे खरे आकडे आणि सरकारला दाखवायचे आकडे, दोन्ही त्याच्या डोळ्यांखालून जात. खऱ्या आकड्यांच्या कागदांचे तो फोटो काढी आणि मेमरी कार्डावर घालून देई. ऑफिसात तो कधीच आला नाही. त्याची बायको प्रतिभा काउंटरवर यायची, पुतण्याच्या वाढदिवसाची नाहीतर कुणाच्या बारशाची जाहिरात द्यायला. जाहिरातीच्या पाकिटात कार्ड असायचं. कुंदाताई ते पाकीट न उघडता आत आणून देत, कारण साहेबांनी तसं सांगून ठेवलं होतं. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की घागबाई गोड स्वभावाची आहे, आणि संक्रांतीला तिने कुंदाताईंना आग्रहाने हळदीकुंकवाला बोलावलं होतं. एवढ्या वर्षांत तसं बोलावणारी ती पहिली. त्या वाणाची काचेची वाटी कुंदाताईंनी काउंटरवरच ठेवली होती. तिच्यात त्या टाचण्या ठेवत.

घागचं खरं नाव साहेबांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. आपसात आम्ही त्याला पाहुणा म्हणत असू. “पाहुणा आला का?” म्हणजे कार्ड आलं का.

फोटोंत एक अडचण होती. कागद सपाट राहावा म्हणून घाग तो डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा, आणि त्याच्या अंगठ्याचं नख कधीतरी ॲसिडने जळून काळं पडलेलं होतं. छापताना आम्ही अंगठा कापून टाकत असू. मूळ फोटो मात्र साहेबांनी सोवळ्यातल्या मशीनवर जपून ठेवले होते. उद्या कोर्टात प्रकरण गेलं तर मूळ फोटो लागणार. आणि त्याहून सुरक्षित जागा आमच्याकडे नव्हती.

मालिकेचे दोन भाग छापून आले. गावात खळबळ उडाली. कंपनीने नोटीस पाठवली, जाहिराती बंद केल्या. आत कोण फितूर झालाय याचा शोध सुरू झाल्याचं प्रतिभाने निरोपातून कळवलं. साहेबांनी तिचं काउंटरवर येणं थांबवलं. “आता काही महिने पाहुण्याने घरीच राहायचं,” ते म्हणाले. “त्याचं नाव आपल्याकडून जाणार नाही. बाकी मला काही नको.”

हे सगळं खंडेनवमीच्या आधीचं. त्या संध्याकाळी कुंदाताईंनी सगळ्या मशीनांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, कोपऱ्यातल्या त्या मशीनलाही घातली. आम्ही पेढे खाल्ले. दसऱ्याची सुट्टी झाली.

सुट्टीनंतरच्या सकाळी ऑफिसच्या मेलवर एक पत्र आलं. ‘मी पिवळ्या कंपनीत कामाला आहे. नाव सांगू शकत नाही. तुमची मालिका वाचली. माझ्याकडे याहून मोठे पुरावे आहेत. सोबतची फाइल बघावी.’

मी साहेबांना दाखवलं. “हा दुसरा पाहुणा कुठून उपटला?”

“असेल खरा. नसेलही.” साहेबांनी चष्मा पुसला. “मला तर नाही वाटत खरा. पण बघायला हवं. सोवळ्यात उघडू. तिथे काय बिघडणार आहे?”

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ती आम्ही कोपऱ्यातल्या मशीनवर उघडली. वाळलेली माळ अजून पडद्यावर लोंबत होती, ती साहेबांनी वर सरकवली. पानावर धुरकट काहीतरी दिसत होतं आणि वर एक पट्टी आली होती, मजकूर नीट दिसण्यासाठी परवानगी द्या म्हणून.

“साहेब, हीच ती चोराला दार उघडणारी पट्टी ना? कार्यशाळेत तुम्हाला सांगितली होती ती?”

“हीच.” साहेब हसले. “माझ्या टेबलावर असती तर मी हात लावला नसता. पण म्हणून तर हे मशीन आहे. काय खेळ करायचा तो करू दे त्याला इथे बसून. बाहेर जायला दारच नाही.”

त्यांनी परवानगी दिली. पान उघडलं. सरकारी वेबसाइटवरचा कुठलासा जुना अहवाल होता, कोणालाही मिळेल असा. साहेबांनी त्याचा कागदही काढला नाही. “फुसका निघाला,” म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायलो. सापळा आपण ओळखला आणि तो कोरडाच गेला, याचा थोडा आनंदही आम्हाला झाला होता.

त्याच आठवड्यात सकाळी पोलीस ठाण्यातून फोनवर नेहमीच्या बातम्या घेताना मला कळलं की पिवळ्या कंपनीत अपघात झाला आहे. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कर्मचारी विषारी वायूने गुदमरून मेला. मी नाव विचारलं. हवालदाराने कागद बघून सांगितलं, “घाग. रमाकांत विठोबा.”

मी फोन ठेवला नाही, तो हातातच राहिला. “पाहुणा गेला. टाकीत गुदमरून,” मी साहेबांना सांगितलं. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. तसेच म्हणाले, “केमिस्ट टाकीत कशाला उतरेल? नमुना दोरीला बाटली बांधून काढतात.”

“पोलिसांनी अपघात म्हणून नोंदवलाय.”

“नोंदवतील.”

प्रतिभा आली ती सुतक फिटल्यावर, श्रद्धांजलीची जाहिरात द्यायला. कुंदाताईंनी तिला बघितलं मात्र, काउंटर सोडून त्या बाहेर आल्या आणि तिला कुशीत घेतलं. दोघी तिथेच फरशीवर बसल्या. कुंदाताई तिच्या मोकळ्या कपाळावरून हात फिरवत होत्या आणि प्रतिभा कोरड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत होती. कुंदाताईंनी जाहिरात स्वतःच्या हाताने लिहून घेतली आणि पैसे घेतले नाहीत. मग प्रतिभा उंबरा ओलांडून आत आली.

“साहेब, मी भांडायला नाही आले,” ती म्हणाली. “एक विचारायचं होतं फक्त.”

“बसा, वहिनी.”

“त्यांना आदल्या दिवशी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आत बोलावलं होतं. घरी आले ते पांढरेफटक. म्हणाले, प्रतिभा, त्यांच्याकडे फोटो आहे. पेपरात आला तो नव्हे. माझा अंगठा असलेला. टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, घाग, हात दाखव.” तिचा आवाज कुठेही हलला नाही. “मी म्हटलं, आपण गावी निघून जाऊ. ते म्हणाले, उद्याची पाळी करतो, हिशेब घेतो, मग जाऊ. साहेब, तो फोटो आमच्या घरात नव्हता. कार्ड दिलं की ते लगेच पुसून टाकायचे. मग तो गेला कुठून?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, “आमच्याकडून गेला असणार, वहिनी. दुसरीकडे नव्हताच तो. कसा गेला ते मला माहीत नाही. पण आमच्याकडूनच गेला.”

ती म्हणाली, “बरं.” आणि उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेलो. साहेबांनी ते टेबलावरून पुढे ओढलं. मागे वीज देणारी काळी वायर होती, पडद्याची होती, प्रिंटरची होती. आणि एक निळी वायर होती. भिंतीतून वर्षानुवर्षं नुसती लोंबकळत असायची ती, आधीच्या एका कॉम्प्युटरची, इंटरनेटची. ती आता लोंबकळत नव्हती. मशीनच्या पाठीतल्या चौकोनी भोकात ती नीट, कट्कन बसवलेली होती आणि तिच्या शेजारी एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

साहेब गुडघ्यांवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिले. वायफाय उपटलं होतं, पण हे भोक तसंच ठेवलं होतं, कारण वायर कोणी लावणार नाही हे आम्ही गृहीत धरलं होतं. आम्ही परवानगी दिली त्या क्षणी मशीनच्या पोटातलं सगळं त्या वायरीतून निघून गेलं होतं, आणि आम्ही चहा पीत होतो.

“कोणी?” साहेबांनी विचारलं.

मला केसांतलं कोळिष्टक आठवलं. आता सगळ्यांचं सारखं. माझी नजर पुढच्या खोलीकडे गेली असावी, कारण साहेबांनीही तिकडे बघितलं. कुंदाताई काउंटरवर पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या.

साहेबांनी वायर हलकेच काढली. “हे कुंदाताईंना कळता कामा नये,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्यांनी सुटलेलं जोडलं. नका जोडू हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? हे माझ्याकडे राहील, वैजयंती. तुझ्याकडेही नाही. माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एम-सील आणलं, बोटांनी मळलं आणि मशीनच्या पाठीतलं ते भोक गच्च बुजवून टाकलं. मालिकेचा तिसरा भाग त्यांनी छापला आणि त्याखाली लिहिलं की रमाकांत घाग यांचं नाव आमच्या कार्यालयातून फुटलं आणि त्याची जबाबदारी संपादकाची आहे. कंपनीला त्याने काही झालं नाही. टाकीभोवती त्यांनी कठडा बांधला, तोही पिवळा. प्रतिभा माहेरी निघून गेली.

कुंदाताईंनी तो मजकूर वाचला होता. “साहेबांनी कशाला ओढवून घ्यावं हो हे सगळं,” त्या मला म्हणाल्या. “कोणीतरी फितूर असणार आपल्यातलाच. त्याचे हात झडोत.” मी पानं लावत होते, मान वर केली नाही.

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. साहेबांना पूजा नको होती, पण ती बंद करायला कारण सांगावं लागलं असतं. कुंदाताईंनी पदर खोचला, फडकं भिजवलं आणि एकेक मशीन पुढे ओढायला लागल्या. मी झेंडू ओवत होते आणि कोपऱ्याकडे बघायचं टाळत होते.

“अगो बाई, हे काय?” टेबलामागून त्यांचा आवाज आला. “साहेब, याच्या पाठीला हे काय लिंपलंय? वायर कुठे लावायची मग? गेल्या वर्षी मी इथेच तर...”

वाक्य तिथेच राहिलं. मी बघितलं. त्या टेबलामागे उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात भिंतीतून आलेली निळी वायर होती आणि दुसरा हात त्या कडक झालेल्या एम-सीलवर. साहेबांच्या बोटांचे ठसे त्यात तसेच उमटलेले होते.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “ही लावायची नव्हती?”

टिपणीससाहेब खोटं बोलू शकले असते. मला वाटतं त्यांनी तसं ठरवूनही ठेवलं होतं. पण त्यांनी अतिशय मऊ आवाजात म्हटलं, “कुंदाताई, राहू द्या ते. पूजा आटपून घ्या.” ऑफिसात ते कधीच कोणाशी इतकं मऊ बोलत नसत.

कुंदाताई माझ्याकडे वळल्या. “वैजू, तू सांग गो.”

मला हातातल्या फुलात सुई घालता येईना. एवढं त्यांना पुरलं. त्यांनी वायर जमिनीवर ठेवली, हळू, आवाज होऊ न देता. टेबलाचा आधार घेऊन उठल्या. रडल्या नाहीत. फडकं पिळून वाळत घातलं, खोचलेला पदर सोडून नीट केला, आणि हळदीकुंकवाचं ताट उचलून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग त्या चालत गेल्या, उंबरा ओलांडला, आणि पलीकडे काउंटरच्या बाजूला, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तसं उभं राहायची त्यांना जुनी सवय होती. फार जागा लागत नव्हती.

“कुंदाताई, आत या,” साहेब म्हणाले.

“नको साहेब. मी इथे बरी.”

“मी सांगतोय ना. आत या.”

“तुम्ही करा,” त्या म्हणाल्या. “मी इथून बघते.”

साहेब उंबऱ्यापर्यंत गेले. अलीकडे ते, पलीकडे त्या. ते परत फिरले. ताट उचललं आणि पहिल्या मशीनपाशी आले. कुंकवाच्या करंड्याचं झाकण काढलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं.

“आधी हळद, साहेब,” उंबऱ्याबाहेरून कुंदाताई म्हणाल्या. “मग कुंकू.”